बरी झाल्याची चिठ्ठी

भिलाईला पोलादाच्या प्लांटचं बांधकाम चालू होतं तेव्हा आमच्या शेजारची बाई तिथे माती वाहायला जायची. मी चौथी शिकलेली, म्हणून मुलीच्या शाळेची चिठ्ठी लिहून घ्यायला माझ्याकडे यायची. कधी बसायची नाही. दाराशी उभी राहून हळूच सांगायची, "लिही ना बाई, पोरीले ताप हाय."

ताप कुठला? पोरगी घरी तान्ह्या भावाला सांभाळायची. ते मला ठाऊक होतं, तरी मी लिहीत गेले. नाही म्हणायला मला कधी जमलंच नाही. बाई अंगठा उठवायची, शाई केसांना पुसायची आणि घरी जाऊन लगेच पोरीवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. म्हणायची, "खोटा ताप खरा नको व्हायले."

मग शाळेतून निरोप आला, मुलगी सोमवारी आली नाही तर पटावरून नाव काढू. त्या दिवशी पोरगीच भावाला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. "काकू, मी बरी झाली असं लिहून दे ना."

मी लिहून दिलं. माझ्या हातची तेवढी एकच चिठ्ठी खरी होती.

संध्याकाळी तिची आई ती चिठ्ठी घेऊन आली. "काय लिवलं?" मी वाचून दाखवलं. तिनं बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग तो पदरात गुंडाळला.

"पोराले कोणाजवळ ठेवू, बाई?"

माझ्याजवळ ठेव, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी चिठ्ठीची घडी घालून तिच्या हातात दिली.