लोकरी मोज्यांच्या आत

माझी आत्या मदत केंद्रावर पोरांची वजनं घ्यायची. शाळेच्या रिकाम्या वर्गात आढ्याला काटा टांगलेला, त्याला कापडी झोळी आणि झोळीत आकांत करणारं पोर. वजन कमी भरलं तरच घरी पोषक पाकिटं मिळत. एखादी आई लाडीगोडी लावायची, "मावशी, थोडं कमी सांगा ना." आत्या फटकारायची, "काटा काय माझा जावई आहे, माझं ऐकायला?"

पूर्वी ती प्रत्येक पोराच्या दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघायची. भुकेनं पार खंगलेल्या अंगात कधीकधी पाणी भरतं. मग दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. नव्या साहेबांनी लांबलचक रांग बघितली आणि म्हणाले, "एवढं कशाला? वजन पुरे." आत्या कुरकुरली, पण कंबरेला आराम मिळाला म्हणून तिनं दाबून बघणं सोडलं.

थंडीत मदतीतून लोकरी मोजे आले. त्याच सुमारास वजनं वाढू लागली. साहेब खूश. मदतीचा गुण आला म्हणाले, पाकिटं बंद, केंद्र दुसरीकडे हलवायचं. आत्याचा नातूही भरला होता. पूर्वी गालफडं बसलेलं पोर आता चांगलं गुबगुबीत दिसायचं. फक्त ते खेळत नव्हतं, रडतही नव्हतं. बसवलं तिथे बसून राहायचं.

"शहाणा झालाय माझा राजा," आत्या सगळ्यांना सांगायची. मला ते शहाणपण बघून धडकी भरायची.

सामान ट्रकमध्ये चढत होतं त्या सकाळी नातू तिच्या मांडीवर होता. मोजा ओला लागला म्हणून तिनं काढला. काठाची खोल खाच पायावर उमटली होती. तिनं चोळली, ती जाईना. मग तिनं पावलावर अंगठा दाबला आणि उचलला.

खळगा तसाच राहिला.

"दुसरा तू काढ गं," ती मला म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाही."

मी काढला, दाबलं. तिथेही तसंच.

"मावशी, काटा खाली उतरवा, उशीर होतोय!" साहेब बाहेरून ओरडले.

आत्यानं पोर माझ्याकडे दिलं आणि दाराशी गेली. उन्हात भिंतीला टेकून पोरं बसली होती, सगळ्यांच्या पायांत लोकरी मोजे. एकही खेळत नव्हतं. ती पहिल्या पोरापुढे खाली बसली आणि त्याच्या मोज्याला हात घातला. मागे ट्रक सुरू झाला.