खडकातलं तेल

जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर माझी बदली मोहाडीला झाली. तिथल्या पेट्रोल पंपावर एक माणूस कामाला होता; त्याने नळी हातात घेतली की तो मला काहीतरी विचारायचाच.

"सर, पेट्रोल म्हंजे काय जी?"

मी शिक्षक, खुललोच. ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक, त्याला लॅटिनमधलं तेल जोडलं. म्हणजे खडकातलं तेल. पीटर हे नावही त्यातलंच, खडकासारखा भक्कम माणूस.

"आमच्या मालकाले नोका सांगू जी, नाव बदलवून घेईल!"

मी हसून वळेपर्यंत मीटर धावत असायचा, शून्य बघायचं राहूनच जायचं. दर वेळी असंच. हा मुद्दाम मला बोलण्यात गुंतवून पेट्रोल कमी टाकतो, असं माझ्या मनाने घेतलं. एके दिवशी भर रांगेत मी पाच लिटरचं तपासणीचं माप मागितलं.

"काहून जी सर, शंका आली का?" म्हणत त्याने ते भरलं. पेट्रोल बरोबर रेषेला टेकलं.

पण मागचे ओरडले, "मास्तरले दाखवलं, त आमाले बी दाखव!" गलका ऐकून मालक आला आणि चोरी पकडली गेली असं समजून, काही न विचारता, त्याने त्या माणसाला कामावरून काढलं. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. माप बरोबर होतं, एवढंच मी म्हणायला हवं होतं.

मी गाडी सुरू करून निघालो. भिडेपोटी बोलता आलं नाही, असं घरी सांगत आलो. पण माप डोळ्यांसमोर भरलं तरी मला तो चोरच वाटत होता, आणि अजूनही वाटतो.