इतवारीला सांगून जा

वडशाजवळच्या एका अनाथालयात कुंताबाई स्वयंपाक करायच्या. माहेर आणि सासर, दोन्ही घरं वैनगंगेत जाळी टाकणारी. नवरा पुरात गेला, पोटी मूल नव्हतं; त्या इथे आल्या आणि बावीस लेकरांच्या होऊन गेल्या.

१९५७ च्या हिवाळ्यात डेन्मार्कहून बिर्गिट नावाची तेवीस वर्षांची मुलगी मुलांची सेवा करायला आली. व्यवस्थापक मनसाराम गुरुजी तापाने पडले होते, म्हणून स्टेशनवर कुंताबाईच बैलबंडी घेऊन गेल्या. उतरताच बिर्गिटने त्यांचे दोन्ही हात धरले आणि भरभरून काहीबाही बोलली. एक अक्षर कळलं नाही.

"चाल बाई, बस बंडीत," कुंताबाई म्हणाल्या.

पोरीचा तो आनंद पाहून त्यांना धास्तीच वाटली. मागच्या वर्षीही अशीच एक आली होती. तीन महिने मुलं तिच्या अंगाखांद्यावर खेळली आणि एका दुपारी मुलं नदीवर गेलेली असताना बाई निघून गेली. आठवडाभर पोरं फाटकाशी बसून होती.

बिर्गिट आळशी नव्हती. पण विहिरीवर पाठवली तर घागर फोडून यायची, तांदूळ निवडायला बसवली तर खडे ठेवून दाणे फेकायची. शेवटी ती जमेल ते करू लागली, म्हणजे मुलांना मांडीवर घेऊन बसू लागली. त्यात चार वर्षांची इतवारी. ही पोर बोलत नसे, कुंताबाईंच्या हातूनच खात असे. महिन्याभरात ती बिर्गिटच्या हातून जेवू लागली आणि तिला 'बिगी' म्हणू लागली.

कुंताबाईंना हेवा वाटला नाही असं नाही. पण रागच जास्त आला. त्या गुरुजींकडे गेल्या.

"तिले सांगा, इतका लळा लावू नोको म्हणावं. तुले जायचं हाय, लेकराले इथीच राह्यचं हाय."

"पाहुणीला असं कसं सांगू? मन दुखेल तिचं."

"अन् लेकराचं?"

गुरुजी चष्मा पुसत राहिले. मग कुंताबाईंनी स्वतःच खुणा केल्या. इतवारीकडे बोट, मग रस्त्याकडे बोट, आणि नाही म्हणून जोरात मान हलवली. बिर्गिट हसली, पोरीला कडेवर घेऊन त्याच रस्त्याने बाजारात गेली आणि तिच्या केसांना लाल रिबीन बांधून परत आली. कुंताबाई चुलीपुढे डोकं धरून बसल्या.

मार्चमध्ये जायचा दिवस आला. मुलांना दुपारी नदीवर न्यायचं आणि मागच्या दाराने बंडी काढायची, असं गुरुजींनी ठरवलं. कुंताबाईंनी सकाळी चूलच पेटवली नाही.

"पोरीले सांगून जाऊ दे तिले. तुम्ही समजावून देत नसान त आज भात नाई."

बावीस मुलं उपाशी बसलेली पाहून गुरुजींनी अखेर बिर्गिटला सगळं इंग्रजीत सांगितलं. मागच्या बाईचंही. ती पांढरीफटक पडली. मग कुंताबाईंसमोर बसून तिने दोन वाक्यं घोकली आणि इतवारीला जवळ घेऊन म्हणाली,

"मी जाऊन राह्यली. वापस येणार नाई."

इतवारीने तिच्या तोंडावर चापट मारली, मग भोकाड पसरलं. बिर्गिटही रडली. बंडी समोरच्या फाटकातून गेली.

तीन दिवस इतवारीने पेजेशिवाय काही घेतलं नाही. चौथ्या दिवशी तिने पोचू नावाच्या पोराच्या ताटातला मासा पळवला आणि दोघांची मारामारी झाली. कुंताबाईंनी सोडवायला जरा उशीरच केला. फाटकाशी मात्र ती एकदाही बसली नाही.

"काय मिळवलं तुम्ही? पाहुणी रडत गेली," गुरुजी म्हणाले.

"रडली त रडली. पोरीले मालूम हाय ना, ते येत नाई म्हणून."

गुरुजी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. दिवाळीनंतर डेन्मार्कहून पत्र आलं, यंदा सेवेला दोघीजणी येणार होत्या. कुंताबाईंनी वर पाहिलं. कौलं सरकल्यामुळे स्वयंपाकघराचं छत तिथे तीन वर्षांपासून गळत होतं.

"त्याईच्याकडे कवेलू फेरणारा कोणी असन, त तो पाठवा म्हणून लिहा."

गुरुजींनी ते लिहिलं नाही.