तोंडाने डिझेल ओढणारे मामा

माझे सासरे डिझेल तोंडाने ओढायचे. आम्ही घरातले सगळे त्यांना मामा म्हणतो. ट्रॅक्टरच्या डिझेलचा ड्रम शेडमध्ये दगडी ओट्यावर असे. त्यात रबरी नळीचं एक टोक सोडायचं, दुसरं तोंडात धरून जोरात ओढायचं आणि डिझेल ओठाशी यायच्या आत नळी खालच्या कॅनमध्ये घालायची. पुढे धार आपोआप चालू राही.

मी पिंपळगाव रेणुकाईकडच्या शाळेत विज्ञान शिकवते. "मामा, हे धोक्याचं आहे," असं मी कितीदा तरी म्हटलं. "अगं, इतकी वर्षं ओढून राह्यलो, थेंब पोटात गेला न्हाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

सोयाबीनच्या मळणीत तो थेंब गेलाच. थेंब कसला, चांगला घोटभर. ड्रम तळाला आला होता, म्हणून मामांनी नेहमीपेक्षा जास्त जोर लावला. ठसका ऐकून मी धावले, तर ते ओट्याला धरून बसलेले, डोळे लाल, तोंडाला डिझेलचा भपकारा. सासूबाई मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"उलटी काढ त्यांची, जल्दी!"

मी तांब्या धरून ठेवला. "उलटी नको आत्या. डिझेल वर येताना फुफ्फुसात जाईल."

आयुष्यात पहिल्यांदाच मी सासूबाईंचा हात अडवला होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून मामांना भोकरदनला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, दोन दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, "उलटी काढली नाहीत ते बरं केलंत." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बसायला जागा करून दिली.

पुढच्या आठवड्यात मी जालन्यातून ड्रमवर बसवायचा हातपंप आणला. ओतीव लोखंडाचा, बाजूला फिरवायचा दांडा. मामा खाटेवरून बघत होते.

"शाळेतलं खेळणं दिसून राह्यलंय."

मी पंप बसवला, दांडा फिरवला. वीस फेरे झाले, डिझेलचं नाव नाही. मामा मिशीत हसत होते. आणखी दहा फेरे, खांदा भरून आला. मग ते उठले, पंपाला कान लावला आणि म्हणाले, "फिरव बरं." मी फिरवला. "हवा खाऊन राह्यलाय हा. खालच्या जोडातून."

खरंच, आतल्या पाइपाचा आटा मी नीट आवळलाच नव्हता. मामांनी त्याला पांढरी टेप गुंडाळली, पान्ह्याने जोड आवळला आणि पंपाच्या तोंडातून वाटीभर डिझेल आत ओतलं. "कोरडा पंप ओढत न्हाई. माझंबी तोंड कोरडं असलं की जमत नव्हतं." चौथ्या फेऱ्याला जाड, पिवळी धार कॅनमध्ये पडली. मी शाळेतल्या पोरांसारखी टाळी वाजवली.

पण त्यांना आत काय आहे ते बघायचंच होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी झाकण खोललं. आत एक जाड चकती, मध्यावर नाही, जराशी एका बाजूला बसवलेली. तिच्या खाचांत सरकणाऱ्या पट्ट्या. मी हळूहळू दांडा फिरवून दाखवला. पट्ट्या भिंतीला घासत जातात, एका बाजूला जागा वाढते, तिथे डिझेल ओढलं जातं. पुढे जागा आकसते आणि ते बाहेर ढकललं जातं.

मामांनी स्वतः दांडा दोनदा फिरवून पाहिला. "मंग गाल आत घेऊन मी जे करत होतो, तेच हा करतोय की!"

"तेच. फक्त याला पोट नाही."

ते इतके हसले की सासूबाई बाहेर आल्या.

आता मळणीच्या दिवसांत राजूरपर्यंतची माणसं तो पंप मागायला येतात. मामा नाही म्हणत नाहीत, पण पंप एकटा पाठवत नाहीत. तो पोत्यात गुंडाळून, गाडीवर मागे बसून स्वतः जातात. तिथे आधी सगळ्यांना जवळ बोलावतात, वाटीभर डिझेल आत ओततात आणि सांगतात, "नळीला तोंड लावायचं न्हाई, बिलकुल न्हाई. आमची सून मास्तरीण आहे, तिला विचारा."