अब्बा थांबतात तिथे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्या साजिदला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही त्याच्या घरी कधी जाणार नाही, म्हणून असेल.

साजिद माझा शाळेपासूनचा मित्र. तो लग्नांचे व्हिडिओ करतो, मी अंबडला एका कारखान्यात कॉम्प्युटरवर सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो. दोघांनाही वेगवान मशीन हवं होतं आणि दोघांचाही खिसा बेताचा. म्हणजे माझ्या आवडीचाच विषय! स्वस्तातला प्रोसेसर घ्यायचा, पण असा, की ज्याचा वेग कंपनीने कुलूपबंद केलेला नाही. आणि मग त्याला ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात याला. कित्येक दिवस मी साजिदचं डोकं खाल्लं — हा नको, याला बोर्ड महाग लागतो. तो नको, तो फार तापतो. शेवटी एक ठरला. एकाच दुकानातून दोन सारखे डबे आणले.

"कुठलाही लाव यार, दोन्ही एकच तर आहेत," साजिद म्हणाला.

एकच नसतात. हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर बाहेरून हुबेहूब दिसतात, पण एक जादा वेग सहज सोसतो आणि दुसरा धापा टाकायला लागतो. कुठला कसा निघेल, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. मग मी काय केलं असेल? — दोन्ही लावून बघितले. तुझं मशीन जोडतोय, असं साजिदला सांगून, रविवारी, खोलीचं दार लावून. पहिला सुरेख निघाला. दुसरा त्याच वेगाला लटपटत होता. पहिला मी स्वतःसाठी ठेवला.

इथवरही एक वेळ चाललं असतं. थोडा हळू चालवला असता तर तो दुसराही बिचारा कामाचाच होता. पण मग साजिदने विचारलं असतं, तुझा एवढा पळतो तर माझा का नाही? तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी त्या दुसऱ्या प्रोसेसरला जादा वीज पाजून माझ्याच वेगावर उभा केला. थोडा वेळ तपासणी चालवली, तेवढा वेळ तो टिकला. उन्हाळ्यात, साजिदच्या पत्र्याखालच्या खोलीत, दिवसभर राबवल्यावर काय होईल, ते मी बघितलं नाही. खरं सांगू? — बघायचंच नव्हतं.

असा प्रोसेसर बंद पडला तर बरं. कधी कधी तो बंद पडत नाही. काम करत राहतो, आणि मधेच एखादं उत्तर चुकवतो. कुणाला न कळवता.

त्याच वर्षी अब्बा गेले, साजिदचे वडील. तरुणपणी ते सौदीत वेल्डर होते. तेव्हा फोन परवडायचा नाही, आणि अम्मींना वाचता येत नव्हतं, म्हणून ते कॅसेटवर बोलून पाठवायचे. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून कॅसेट यायची आणि अम्मी आतून कडी लावून ऐकायच्या. अशा डबाभर कॅसेट होत्या. साजिदने त्या कॉम्प्युटरवर घेतल्या आणि आवाजातली खरखर काढायला लावली. ऐन एप्रिलात मशीन दिवस दिवस तापत राहिलं.

मग त्याचा फोन आला. "विनय, साफ केलेल्या फाइलींत अब्बा मधेच गप्प होतात रे. बोलता बोलता. कॉम्प्युटरचं काही असेल का?"

इथे — इथेच. तो प्रोसेसरच तिथे चुकतोय, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. वेग कमी कर आणि पुन्हा साफ कर, एवढंच सांगायचं होतं. मूळ रेकॉर्डिंग अजून डिस्कवर होतं. आणि मी म्हणालो, "जुन्या कॅसेट आहेत. फीतच गेली असणार तिथे."

त्याने मूळ फाइल ऐकली असती तर माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. पण मी सांगितल्यावर तो कशाला ऐकतोय? लग्नसराई तोंडावर होती, डिस्क भरली होती. त्याने मूळ फाइली पुसल्या. बुरशी धरलेल्या कॅसेट भंगारात दिल्या.

पुढे एका दुपारी मी त्याच्याकडे गेलो. साजिद बाहेर होता. अम्मी कॉम्प्युटरसमोर बसलेल्या, डोक्यावर पदर. "बस बेटा," म्हणाल्या. स्पीकरमधून अब्बांचा तरुण आवाज येत होता. "सुनती हो? इधर सब ठीक है, खाना भी—" आणि आवाज थांबला. कॅसेटच्या शांततेला बारीक घरघर असते. या शांततेत काहीच नव्हतं. खोलीतला पंखासुद्धा एकदम मोठ्याने ऐकू यायला लागला.

आणि अम्मी बोलू लागल्या. नातीचा दात पडला. नळाला पाणी कमी येतं. गुडघा आता बरा आहे. बोलणं संपवून त्यांनी पदर सारखा केला, आणि तेवढ्यात स्पीकर म्हणाला, "हाँ, तो मैं क्या कह रहा था..."



"बघितलंस?" अम्मी म्हणाल्या. "आधी एका दमात बोलायचे. माझं ऐकूनच घ्यायचे नाहीत. आता थांबतात."

त्या जागी अब्बा खरं तर बोलत होते. परदेशात एकट्या पडलेल्या माणसाने बायकोसाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं, आणि ते काय होतं, हे आता अम्मींनाही आठवत नाही. ते मी पुसलं. माझ्या मशीनचा वेग साजिदच्या डोळ्यांत खुपू नये, एवढ्यासाठी.

आवाज पुन्हा थांबला. अम्मींनी या वेळी मला कोपराने ढोसलं. "तू पण बोल ना. ही जागा मोठी आहे."

कुठली जागा किती मोठी, हे त्यांना पाठ झालं होतं. मी स्पीकरकडे बघत राहिलो. सगळं सांगून टाकायला तेवढा वेळ पुरला असता — अम्मी शेजारीच होत्या, त्यांनाही ऐकू गेलं असतं. मी घसा साफ केला.

"अब्बा, मी विनय," मी म्हणालो. "इकडे सगळं ठीक आहे."

पलीकडून अब्बा हसले. अम्मीही हसल्या, आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या.