कर्नाळ्याच्या उतारावरचा पिवळा दिवा

आमच्या घरातला पावसाळा सासऱ्यांच्या खिशातून सुरू होई. जून लागला की ते खुंटीवरची गाडीची किल्ली काढत, बंडीच्या आतल्या खिशात टाकत आणि वरून बटण लावत. ते बटण दसऱ्यापर्यंत उघडत नसे.

सासरे एसटीवर ड्रायव्हर होते. सुकापूरचे, म्हणजे तिथे इमारती उगवायच्या आधीपासूनचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी घरातल्या खुर्चीत ते एसटीच्या सीटवर बसावं तसेच बसत, पाठ ताठ आणि उजवा पाय किंचित पुढे. गाडी त्यांच्या नावावर होती, त्यामुळे कायदाही त्यांचाच. पावसात गाडी हवी असेल त्यानं परीक्षा द्यायची. भर पावसात पेणपर्यंत जायचं आणि परत यायचं. शेजारी सासरे, मागे सासूबाई.

सासूबाई म्हणजे या परीक्षेचा काटा होत्या. गाडीनं पळस्पे फाटा सोडला की त्यांना झोप लागते, ही निसर्गातली गोष्ट आहे, तिला इलाज नाही. आणि सासऱ्यांच्या मते ड्रायव्हरचं खरं सर्टिफिकेट म्हणजे तोंड उघडं टाकून झोपलेला प्रवासी. सासूबाई जाग्या झाल्या की उमेदवार नापास. माझ्या नवऱ्यानं आदल्या वर्षी ही परीक्षा दिली होती. खारपाड्याच्या पुलावर त्यानं असा काही ब्रेक मारला की सासूबाईंचा चष्मा मांडीत पडला. निकाल त्यानं इतक्या आनंदानं स्वीकारला की मला अजून संशय आहे. चार महिने कुणाला स्टेशनवरून आणायला नको, कुणाला सोडायला नको.

मला मात्र नापास होणं परवडणारं नव्हतं. बँकेत मला बढती मिळत होती आणि बढतीबरोबर पेणची शाखा. बसनं जायचं तर हायवेचं चौपदरीकरण चालू होतं. सकाळी बस कधी येईल ते डेपोलाही ठाऊक नसायचं, आणि परत येईपर्यंत दहावीतली माझी मुलगी जेवून झोपलेली असणार. स्वतःची गाडी असती तर निघायची वेळ माझी, परतीची वेळ माझी, वाटेत अडकले तर रस्ताही बदलता आला असता. सोमवारी साहेबांना हो की नाही ते सांगायचं होतं. त्याआधीच्या रविवारी सकाळी पाऊस असा कोसळत होता की समोरची बिल्डिंग दिसेना. सासऱ्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि बंडीचं बटण उघडलं.

आता थोडं गाडीविषयी. मला लाल रंग हवा होता. तो लाल फक्त वरच्या मॉडेलमध्ये मिळत होता, म्हणून वरचं मॉडेल आलं, आणि वरच्या मॉडेलबरोबर आम्ही न मागितलेली एक गोष्ट आली: इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. शोरूममधल्या टायवाल्या तरुणानं ते फार मन लावून समजावलं. गाडी घसरायला लागली, म्हणजे स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी भलतीकडे असं झालं, की आतला कॉम्प्युटर ते ओळखतो, नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावतो, इंजिनाचा जोर कमी करतो आणि गाडी सरळ करतो. तेवढा वेळ डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकतो. मी ते माझ्यापुरतं असं समजून घेतलं: जत्रेत चार पोरं घेऊन निघालेली बाई. जे पोर चिखलात पाय टाकतं, त्याचाच दंड ती ओढते, बाकीच्या तिघांना कळतही नाही.

सासरे हात मागे बांधून सगळं ऐकत होते. तरुण थांबल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"ह्ये बंद कुठनं करायचं?"

असं आजवर त्या तरुणाला कुणी विचारलं नसावं. तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि स्टिअरिंगच्या बाजूचं एक छोटं बटण त्यानं दाखवलं. त्या दिवसापासून सासरे गाडीत बसले की आधी देवाला नमस्कार करत आणि मग ते बटण दाबत. गाडी आपण चालवायची की तिनं, हा त्यांचा सवाल होता.

परीक्षेच्या दिवशीही त्यांनी शेजारून हात लांबवून बटण दाबलं. दिवा लागून तसाच राहिला, म्हणजे यंत्रणा बंद. मी म्हटलं, बाबा, आज तरी राहू द्या, पाऊस बघा केवढा आहे.

"परीक्षेत कॉपी चालत नाय, बाय."

मागून सासूबाईंनी माझी बाजू घेतली. त्या म्हणाल्या, पोरीला पास करायचं नसेल तर घरीच सांगा, मी भिजत कशाला येऊ. पण सासरे तोपर्यंत परीक्षक झाले होते, आणि परीक्षकाला बायको नसते.

पळस्प्यापर्यंत ठीक गेलं. वायपर जीव तोडून हात हलवत होते, मी तिसऱ्या गिअरमध्ये शहाण्या मुलीसारखी चालले होते. मागे सासूबाईंचं घोरणं सुरू झालं आणि मला जरा हायसं वाटलं. सासरे बोलत नव्हते, पण त्यांचा उजवा पाय बोलत होता. मी पुढच्या गाडीच्या जवळ गेले की तो पाय खालच्या मॅटवर दाबला जाई. तिथे ब्रेक नव्हता, पण ते आयुष्यभर त्या पायानं बोलले होते.

कर्नाळ्याच्या अलीकडे वाहतूक ठप्प. पुढे एक बाजू खोदलेली, एकाच बाजूनं आळीपाळीनं गाड्या सोडत होते. आमच्यापुढे कंटेनर, मागे टँकर, दोन्हीकडून जंगल पाणी ओतत होतं.

"इंजिन बंद कर," सासरे म्हणाले. ही त्यांची नोकरीतली सवय. फाटक असो, टोल असो की मोर्चा, गाडी थांबली की इंजिन बंद, उगाच डिझेल जाळायचं नाही. घरी आमचा पंखासुद्धा ते याच आवाजात बंद करायला लावत. मी बंद केलं. आम्ही बसलो. सासूबाई घोरत होत्या. बाहेर एक जण पावसात कणसं विकायला आला आणि सासऱ्यांनी परीक्षेच्या काळात खाणं नाही म्हणून त्याला परत पाठवलं. मग पुढचा कंटेनर हलला, मी किल्ली फिरवली आणि निघालो. त्या क्षणी डॅशबोर्डवर काय बदललं ते माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही.

कर्नाळ्याची खिंड ओलांडली. उतार सुरू झाला. खोदकामाची लाल माती वाहून रस्त्यावर तिचा मऊ थर बसला होता. पुढे मोटरसायकलवर एक जोडपं, बाईनं मागे बसून दोघांवर छत्री धरलेली. छत्री वाऱ्यानं उलटली, मोटरसायकल खड्डा चुकवायला माझ्या पुढ्यात आली, मी डावीकडे स्टिअरिंग ओढलं, मग नाला दिसला म्हणून उजवीकडे. आणि गाडीची पाठ घसरत बाजूला निघाली.

ज्यांना हे झालेलं नाही त्यांना सांगते. आपण बसलेली खुर्चीच कुणीतरी मागून हळूच सरकवतं, तसं वाटतं. समोरच्या काचेत रस्ता असायचा, तिथे झाडं आली. मी स्टिअरिंग धरलं होतं, पण ते कशालाच जोडलेलं नसावं इतकं हलकं झालं. शेजारी सासऱ्यांचा पाय मॅटवर पूर्ण ताणलेला. तेवढ्यात पायाखालून कर्र कर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला, इंजिनाचा श्वास एकदम कमी झाला, पिवळा दिवा भराभर लुकलुकला, आणि झाडं बाजूला होऊन रस्ता परत काचेत आला. बस, इतकंच. मोटरसायकलवाली बाई पुढे छत्री सरळ करत होती, तिला काही माहीतही नव्हतं.

सासूबाईंनी डोळे उघडले. "पेन आला?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या परत झोपल्या.

पुढचं तारा गाव आलं. मला वाटत होतं, गेली परीक्षा. डोळे उघडले म्हणजे उघडले. त्यात ती बढती, ती खुर्ची, ती शाखा, सगळं मला त्या नाल्यात तरंगताना दिसत होतं. मग सासरे म्हणाले, "दिवा लागला होता."

मी म्हटलं, हो बाबा.

"मी बंद केला होता."

मी म्हटलं, हो बाबा. मग दोघांच्याही डोक्यात ते एकदमच आलं असावं. खिंडीच्या अलीकडे इंजिन बंद केलं होतं. परत चालू केलं की ते यंत्र बटण विसरून जातं आणि आपणहून कामाला लागतं. शोरूममधल्या तरुणानं हेही सांगितलं होतं, पण तोवर आम्ही पेढे वाटायला लागलो होतो. थोडक्यात, कॉपी झाली होती, आणि ती पुरवली होती परीक्षकानं.

पेणमध्ये चहा घ्यायला थांबलो. समोर एका कारखान्यात प्लॅस्टिकखाली झाकलेले गणपती रांगेनं उभे होते, सोंडा तेवढ्या बाहेर. सासऱ्यांनी खटला सासूबाईंपुढे मांडला. जाग आली ती मोजायची की नाही? आणि यंत्रानं सांभाळलं, ते हिच्या नावावर कसं घालायचं? सासूबाईंनी बशीतला चहा संपवला. त्या म्हणाल्या, तुमच्या चाळीस प्रवाशांना कंडक्टर सांभाळत होता, तेव्हा तुम्ही पगार परत केला होता का?

सासऱ्यांनी चहाचे पैसे दिले. परतीच्या वाटेवर त्यांनी बटणाला हात लावला नाही, हे मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पण घराकडे वळायच्या आधी त्यांनी मला खांदा कॉलनीपलीकडच्या एका मोकळ्या मैदानात गाडी घ्यायला लावली. तिथे ना माणूस ना गुरं, नुसता चिखल आणि पाणी. त्यांनी मला उतरवलं, सासूबाईंना उतरवलं, आम्हा दोघींना एका छत्रीत उभं केलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले.

आधी बटण दाबून, यंत्र बंद करून, ते थोड्या वेगानं गेले आणि वळले. गाडी भिंगरीसारखी फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून थांबली. मग इंजिन बंद केलं, चालू केलं, आणि तेच वळण परत. गाडी कुरकुरली, दात खाल्ले, आणि वळली. मग परत पहिला प्रकार. मग परत दुसरा. तिसऱ्यांदा ते फिरले तेव्हा काचेतून मला त्यांचं तोंड दिसलं. जन्मभर रस्त्यावर एकदाही न घसरलेला तो माणूस हसत होता. सासूबाई म्हणाल्या, "बघ गो, याच्या अंगात पोर शिरलाय." आणि मग त्याच छत्रीतून चिखल तुडवत जाऊन त्यांनी काचेवर टकटक केलं. त्यांनाही एक फेरी हवी होती.

त्या मैदानातलं दृश्य आठवलं की मला अजून कुणाकुणाचे आभार मानावेसे वाटतात. ते यंत्र शोधून काढणारी, कधी न दिसणारी माणसं. लाल रंग फक्त महागड्या गाडीला देणारी कंपनी. डिझेल वाचवायला शिकवणारा कुणीतरी जुना डेपो मॅनेजर. आणि मुख्य म्हणजे माझे सासरे, ज्यांनी आपली चूक तोंडानं कबूल करायच्या ऐवजी भर पावसात गाडी गरागरा फिरवून स्वतःलाच पटवून घेतली. किती पुरुष एवढे कष्ट घेतात?

घरी आल्यावर त्यांनी सवयीनं बंडीत टाकलेली किल्ली बटण उघडून परत काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

"पास?" मी विचारलं.

"काठावर," ते म्हणाले. "त्या दिव्यालाबी सांग, जास्त उडू नको म्हनावं. जोरात गेलीस तर तोबी काय करनार नाय."

हे मात्र त्यांनी शंभर टक्के बरोबर सांगितलं होतं, आणि मी आजपर्यंत पाळलं आहे. सोमवारी मी साहेबांना हो म्हणून सांगितलं.

पेणला रुजू व्हायच्या दिवशी पाऊस होताच. मी गाडी बाहेर काढली तेव्हा सासरे छत्री घेऊन फाटकात उभे होते. मला वाटलं, निरोप द्यायला आलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. वाकून त्यांनी चारही टायर एकेक करून हातानं चाचपले, चिखलाचा हात पुसला, आणि एसटीच्या कंडक्टरसारखी छतावर दोनदा थाप मारली. निघायची खूण ती. मी निघाले.