सगळ्यात टपोरा ठिपका

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. सत्तावीस वर्षं तिनं जिवाणू सांभाळले. दर महिन्याला जुन्या काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंचा एक ठिपका तारेनं उचलायचा आणि नव्या बशीत रेघोट्या ओढून वाढवायचा. उचलायचा तो सगळ्यात टपोरा, हा तिचा शिरस्ता. मरतुकड्यांना कोण विचारतो?

तिथं संशोधन करणाऱ्या मुलीचा जिवाणू मात्र मुद्दामच मरतुकडा केलेला. पेशीत प्रथिनं घडवणारं यंत्र असतं, रायबोसोम. त्याचे बरेचसे भागही प्रथिनांचेच. एखादा भाग जास्त झाला, यंत्रात जागा उरली नाही, की तो स्वतःला घडवण्याचा हुकूम आणणाऱ्या रेणूवरच जाऊन बसतो आणि आपलं उत्पादन थांबवतो. मुलीनं तो हुकूम असा बदलला की भागाला त्यावर बसताच येऊ नये. मग काय, नुसती उधळपट्टी, आणि ठिपके बारीक. ताईनंच त्याला उधळ्या नाव दिलं होतं.

आईच्या आजारपणात मुलगी चार महिने घरी गेली, उधळ्या ताईच्या हवाली करून. परतली तर उधळ्या शहाण्यासारखा उत्पादन वेळेवर थांबवू लागलेला. महिनाभर डोकं फोडून तिनं ठरवलं, आपले आधीचे निकालच चुकले; छापलेला शोधनिबंध मागे घ्यायचा.

हे ताईच्या कानावर आलं. तिनं आपली वही उघडली. चारही महिने तिच्याच अक्षरात, 'छान वाढ'. हुकूम बदलून पुन्हा मूळ वळणावर गेलेला एखादा जिवाणू भराभर फोफावला असणार, आणि तिनं नेमका तोच उचलला. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. तरी ती दोन दिवस गप्प राहिली. निवृत्तीला आठ महिने उरलेले, नावाला बट्टा लागेल म्हणून. त्या गप्प बसण्याची तिला चुकीहून जास्त लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी मुलगी निबंध मागे घेण्याचं पत्र घेऊन प्रमुखांकडे निघाली, तेव्हा ताईनं तिला जिन्यात गाठलं.

"पत्र राहू दे गं. उधळ्या मी बिघडवला. दर वेळी टपोरा बघून उचलला."

"कधी कळलं तुम्हाला?"

"परवाच." खोटं बोलायला जीभ वळेना. "उधळ्याची मूळची गोठवलेली कुपी फ्रीझरमध्ये आहे. तीच काढून बघ."

मुलगी पायरीवर बसली. "कुपी मला माहीत होती, ताई. काढावीशी वाटलीच नाही. बशी तुमच्या हातची होती ना."